पंतप्रधानाचा तिसरा अंक

१८ नोव्हेंबर १९८५

नाट्यमंडळाची बैठक झाली. यंदाच्या मंडईचं, म्हणजे गावच्या जत्रेचं, नाटक मी लिहायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे, मी म्हटलं आणि कोणी उठून गेलं नाही. विषयही मीच सांगितला. दिल्लीत संसद अडून बसली आहे, पंतप्रधानाचे स्वतःचेच खासदार त्याचं ऐकत नाहीत, आता त्याच्यापुढे मार्ग कोणते? नाव सुचवलं, 'पंतप्रधानापुढील पर्याय'.

लटारू मला म्हणाला, "देवा, ह्या नावावर आपल्या गावचं कुत्रं तरी येईन का नाटक पाह्याले?"

बऱ्याच वादानंतर 'दिल्लीनं पुसलं कुंकू' हे नाव पक्कं झालं. माझ्या नाटकात कोणीही मरत नाही, कोणीही विधवा होत नाही. तसं सांगितलं, तर म्हणाले, मग मार ना कोणाला तरी, तुझ्याच हातात आहे.

लटारू आमचा शिंपी, आणि वीस वर्षांचा प्रॉम्प्टर. परगावच्या माणसाला आमच्या झाडीपट्टीची रीत कळत नाही. इथे रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध एक खड्डा खणतात. त्यात कंदील घेऊन प्रॉम्प्टर बसतो आणि प्रत्येक वाक्य खालून हळूच सांगतो, वरचा नट तेच वाक्य गर्जून म्हणतो. पाठांतराची कोणी फिकीर करत नाही. नागपूरची नटी तर सायंकाळच्या गाडीने येते, गोष्ट काय आहे तेही तिला ठाऊक नसतं, आणि रात्रभर लोकांना रडवून सकाळच्या गाडीने परत जाते. सगळी भिस्त खड्ड्यावर. पंतप्रधान अर्थात मी.

२१ नोव्हेंबर

गिरणीत नवं धान यायला लागलं. मी इंजिनाजवळ उभा राहतो, भुसा अंगावर उडत राहतो, ठकठक ठकठक चालू असते आणि त्या आवाजात मला झोप आणि जाग यांच्या मधलं काहीतरी येतं. आज तिथेच पंतप्रधान आला. नाव महेंद्रप्रताप. उंच, पांढरी शेरवानी, डोळ्यांखाली काळं. त्याने एका परदेशी शेटला जेवणाच्या ताटावर शब्द देऊन टाकला आहे की आमचं अमुक एक जंगल तुझ्या कारखान्याला देतो. कोणालाच विचारलं नाही. आता त्याचं विधेयक संसदेत आलं आहे आणि संसद ते पास करत नाही, आणि शेट तर दारात येऊन बसला आहे. माणूस वाईट नाही. नुसता शब्द देऊन बसला आहे.

संध्याकाळी गुलाब माझी पानं नीट अक्षरात उतरवून काढते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने चिखलात केलेला पसारा. गावात ते तिला एकटीलाच लागतं. दहावी झाली, तेव्हापासून घरात ही एवढी एकच पोरगी शहाणी. आज लिहितालिहिता थांबली. म्हणाली, "बाबा, लोकसभा बरखास्त पंतप्रधान नाई करत. तो सल्ला देते. करते ते राष्ट्रपती."

मला कौतुक वाटलं. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहून मी म्हटलं, ज्यांनी घटना लिहिली त्यांच्या घरची पोरगी आहेस. ती हसली. अशी पोरगी चिमूरच्या झाडूजींच्या घरात पडणार याचं मला समाधान आहे. मागच्या मंडईत चहा पितापिता मी झाडूजींना शब्द दिला, तुमचा मुलगा आणि माझी गुलाब. मुलगा कारकून आहे, निर्व्यसनी आहे, बुटका आहे पण बसला की कळत नाही. झाडूजी माझे जुने स्नेही. यंदा मंडईला येऊन तारीख काढणार.

२९ नोव्हेंबर

शाळेच्या ओसरीवर पहिली तालीम. धान चुरून थकलेली माणसं, अर्धी जांभया देत होती, पण पंतप्रधानाने काय करावं म्हटल्यावर सगळ्यांची झोप उडाली.

लटारू म्हणाला, "राजीनामा दे. राजीनामा देला का लोक रडते. मुलायले उचलून धरून रडते."

गृहमंत्र्याचं काम करणारा म्हणाला, विरोधकांचे खासदार फोडावे. मी सांगितलं, यंदा पक्ष सोडणाऱ्याची खासदारकी जाईल असा कायदा झाला आहे. कायदा कोणालाच आवडला नाही. मग मी अध्यादेश समजावून सांगितला. संसद बसलेली नसताना सरकार राष्ट्रपतींच्या सहीने हुकूम काढू शकतं, पण संसद बसल्यावर तिची मंजुरी घ्यावी लागते.

कमला चहा घेऊन आली होती. माझी बायको एरवी नाटकात तोंड घालत नाही. म्हणाली, "म्हंजे बायको माहेरी गेली का बैल विकून टाकाचा, अन् ते आल्यावर पुसाचं, इकू का म्हणून."

हशा थांबेना. वाक्य मी लगेच टिपून घेतलं.

नाल्यापलीकडच्या टोल्यावरचा, त्या छोट्या पाड्यावरचा, पत्रू विरोधी पक्षनेता आहे. गोंडाचा पोरगा, आवाज असा की गिरणी बंद असल्यासारखी वाटते. तो बराच वेळ ऐकत होता. म्हणाला, "आमच्या गावात मतं नाई घेत, देवरावभाऊ. बसतेत. एक जण नाई म्हणला तं बसूनच राह्यतेत."

"किती वेळ?"

"भूक लागेपर्यंत. मंग तिथीच शिजवतेत, खातेत, अन् पुन्हा बसतेत."

मी म्हटलं, लोकसभेत चूल पेटवायची घटनेत सोय नाही. पत्रू म्हणाला, मंग ते अडून बसणारच. मला वाटलं, ह्यालाच पंतप्रधान करायला हवा होता. पण शेरवानी माझ्या मापाची शिवून झाली आहे.

६ डिसेंबर

आज तालीम नाही. संध्याकाळी सगळी वस्ती विहारात जमली. मेणबत्त्या, पांढरे कपडे, वंदना. परत येताना गावाबाहेरच्या बोडीवर, त्या लहान तळ्यावर, धुकं उतरलं होतं आणि आमची रांग पाण्यात उलटी चालताना दिसत होती. मला वाटलं की आपण सगळे पाण्याखालच्या गावात राहतो, आणि हे वर चाललेले आपली आठवण काढताहेत. असं मला फार वाटतं. कमला म्हणते, त्यापेक्षा पायाखाली पाहा.

गुलाब माझ्याजवळ आली. म्हणाली, "बाबा, माहा नंबर लागला. गडचिरोलीले, नर्सच्या शिक्षणाले. तेरा जानेवारीले, सोमवारी, हजर व्हाचं हाय. नाई गेली तं दुसरीले घेतेत."

मी म्हटलं, वा. खरंच वा वाटलं. मग म्हटलं, पण झाडूजी?

"त्यायले शब्द तुमी देला. मी नाई."

मी काही जुन्या वळणाचा माणूस नाही. मी नाही म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की मंडई होऊ दे, मग पाहू. मंडई बाराला आहे. गुलाब काही बोलली नाही. कमलाही नाही. दोघींनाही पटलं असावं.

७ डिसेंबर

तालीम चांगली. शेरवानी काखेत काचते.

१४ डिसेंबर

गिरणीत उभ्याउभ्या डोळा लागला. स्वप्नात संसद आमच्या धानाच्या बांधीत भरली होती. धान कापून झालेलं, बुडखे ओले, आणि खासदार म्हणजे सगळे बगळे. पांढरे, एका पायावर, माना आखडून. मी मधल्या धुऱ्याच्या बांधावर उभा राहून भाषण करत होतो आणि भाषण इतकं सुंदर होतं की मला स्वतःलाच रडू येत होतं. दर थोड्या वेळाने मी विचारायचो, मंजूर? मी विचारलं की एक बगळा उडायचा. रागाने नाही, हळू, पाय लांब सोडून. बाकीचे ऐकत राहायचे. शेवटी बांधीत कोणीच उरलं नाही आणि मी बोलतच होतो. आभाळ एवढं मोठं आणि मऊ होतं की मला मुळीच वाईट वाटलं नाही.

इंजिनाचा पट्टा निसटला तेव्हा जागा झालो. मालक ओरडून राहिला होता. स्वप्न दुसऱ्या अंकात घालता येईल का पाहावं. बगळे कुठून आणायचे हा प्रश्न आहे.

२० डिसेंबर

वरणात मीठ नव्हतं. कमला विसरली असेल. हल्ली जेवण ताटात येतं, सोबत बोलणं येत नाही. मला तेवढीच शांतता मिळते आणि संवाद सुचतात.

गुलाब बोलते, पण फक्त नाटकाचं. "पान बदलू?" "इथी टाळी घेता का?" "राष्ट्रपतीले खुर्ची हाय का नाई?" बाकी काही विचारलं तर पाणी आणायला उठते. आमच्या घरी इतकं पाणी पूर्वी लागत नव्हतं.

आज ती पांढऱ्या साडीला काठ लावत बसली होती. तिसऱ्या अंकात पंतप्रधानाच्या बायकोला पांढरी साडी लागेल, हे मी तिला सांगितलंही नव्हतं. (मंडळाच्या आग्रहाखातर मी पंतप्रधानाला शेवटी छातीत कळ आणली आहे. मरतो की नाही ते मोघम ठेवलंय.) किती जीव लावते नाटकाला पोरगी. निळा काठ मात्र विधवेला शोभणार नाही, पण तिचं मन मोडवलं नाही.

२५ डिसेंबर

साडी नाटकाची नाही.

मी सहज कमलाला म्हटलं की तो निळा काठ काढायला सांग. ती तांदूळ पाखडत होती. सूप तसंच हातात धरून राहिली. म्हणाली, "ते तिची हाय. तिथी पांढरीच लागते, निळ्या काठाची. तुमाले खरंच समजलं नाई?"

मी म्हटलं, अजून जायचं ठरलं कुठे आहे?

"ठरलं नाई, मोडलं नाई. तुमी तिले हो म्हटलं नाई, नाई म्हटलं नाई. तिनं काय समजाचं मंग?"

"मी झाडूजींना काय तोंड दाखवू?"

"पोरीले रोज दाखवता तेच दाखवा."

मला लागलं. फार लागलं. मी बाहेर जाऊन बाभळीखाली उभा राहिलो. बायको असून इतकं तोडून बोलावं माणसाने? वीस वर्षांचा स्नेह, सगळ्यांच्या समोर दिलेला शब्द, तो काय सुपात घेऊन पाखडायचा? नाही म्हणून कसं सांगायचं असतं हेच मला कोणी शिकवलेलं नाही. पंतप्रधानालाही नसावं.

वाक्य मात्र फर्मास आहे. नागपूरच्या नटीला, मिस कांताला देतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी, पंतप्रधानाच्या बायकोच्या तोंडी. टाळी नक्की.

२ जानेवारी १९८६

तिसरा अंक अडला आहे. मंडई तोंडावर, आणि पंतप्रधान काय करतो तेच मला ठाऊक नाही. आज सुट्टी घेतली आणि बांधावर बसून एकेक मार्ग चालून पाहिला.

राजीनामा दिला तर लोक रडतील, पण शेट शब्द मागतच राहील, दुसऱ्याकडून घेईल. अध्यादेश काढला तर तो बैल विकल्यासारखा होतो, कमलाने ते नाव घालवूनच ठेवलं आहे. विश्वासदर्शक ठराव आणला तर पडतो. विरोधी पक्षाला सरकारात घ्यावं, तर पत्रू तयार नाही. म्हणतो, मंत्री झालो का मले ओरडता येणार नाई. राष्ट्रपतींनी मध्ये पडून समजूत घालावी, तर आमचे राष्ट्रपती म्हणजे लटारूचा मेव्हणा, त्याला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतात.

उरला एकच. बरखास्ती. जी संसद माझं ऐकत नाही, ती संसदच नको. असं मनात आलं आणि अंगावर काटा आला. धुकं विरून समोरच्या जंगलाची रेघ दिसायला लागली होती. एका माणसाच्या तोंडच्या एका शब्दाने सगळं सभागृह रिकामं होतं. केवढं भव्य, आणि केवढं सोपं.

पडदा ओढणाऱ्यालाही खूण पक्की करून दिली, 'बरखास्त' ऐकलं की हळूहळू सोड, तेवढ्यात पत्रूचं 'मुर्दाबाद' आणि माझी छातीतली कळ उरकते.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत पान लिहून गुलाबला दिलं. तिने ते शेवटचं वाक्य पाहिलं. 'आजपासून, या क्षणापासून, ही लोकसभा बरखास्त!' मला वाटलं, ती पुन्हा राष्ट्रपतीचं काढेल. तिने काढलं नाही. "हेच लिहू?" एवढंच विचारलं.

"हेच."

तिने लिहिलं. चांगलं ठळक, वळणदार.

६ जानेवारी

झाडूजींचा निरोप आला. बाराला सकाळीच पोचतो, नाटक पाहून तेराला तारीख काढून निघू. गुलाब ओसरीवरच होती. तिने ऐकलं. उठली नाही, पाणी आणायला गेली नाही. पानं लावत राहिली, एक, दोन, तीन. मला एकदम वाटलं की तिच्या डोक्यावर हात ठेवावा. पण ती काय म्हणेल, आणि मग मी काय म्हणेन, ते सुचलं नाही.

१२ जानेवारी, दुपार

मंडईचा दिवस. पाळणा आला, जिलबीचे ठेले लागले, बांगडीवाले आले, गावच्या सगळ्या लेकी पोरंबाळं घेऊन माहेरी आल्या. झाडूजी आले. सोबत त्यांची बायको आणि रेवड्यांचा डबा. गुलाबने पाया पडून चहा दिला. झाडूजी म्हणाले, "देवरावजी, पोरगी लाखात एक." मी हसलो. तोंडात रेवडी टाकली, म्हणजे बोलायला नको.

आणि हे पाहा नशीब. लटारू सकाळपासून बैलांच्या पटावर होता. त्याच्या भाच्याची जोडी धावली, पहिली आली, आणि लटारूचा आवाज गेला. घसा असा बसला की 'देवा' म्हणताना फक्त वारा येतो. वीस वर्षांत पहिल्यांदा. मिस कांता दुपारच्याच गाडीने उतरल्या, त्यांना गोष्टीतलं ओ की ठो माहीत नाही. मीही अर्धं लिहिलेलं विसरलो आहे. मंडळ डोक्याला हात लावून बसलं.

कमला म्हणाली, "गुलाब बसन खड्ड्यात. ह्यायचं अक्षर तिलेच लागते."

लगेच कुजबुज. पोरगी खड्ड्यात? एवढ्या माणसांपुढे? झाडूजींच्या बायकोने पदर सावरला. मी झाडूजींकडे पाहिलं, मग कमलाकडे. कमला म्हणाली, "नाई तं मुका पंतप्रधान दाखवा लोकायले."

गुलाब उठली आणि कंदिलात घासलेट घालायला गेली.

तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली आहे. मी ती पाहिली नाही असं केलं.

१३ जानेवारी

आता दुपार आहे. झोप लागत नाही म्हणून लिहितो. जसं झालं तसं लिहितो.

नाटक उभं राहिलं. लोक बसले होते ते थेट तळ्याच्या पाळीपर्यंत, घोंगड्या, चादरी, बसायला भाताच्या तणसाचे बिंडे. पहिला अंक सरळ गेला. खालून गुलाबचा आवाज येत होता, अगदी बेताचा, मला पुरेल एवढाच. लटारू वाक्य ढकलून देतो. ही हातात ठेवत होती. मी कुठे श्वास घेतो ते तिला ठाऊक होतं. मी घाई केली की ती थांबायची आणि मला थांबावं लागायचं. मला आठवलं, लहानपणी ती माझं बोट धरून चालायची आणि मी लांब टांगा टाकल्या की बोट ओढायची.

दुसऱ्या अंकात मिस कांतांनी कमालीची बहार आणली. 'लेकरायले रोज दाखवता तेच तोंड दाखवा' म्हणताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य विसरलो. टाळी पडली ती पडतच राहिली. पहिल्या रांगेत झाडूजीही वाजवत होते. बायकांमध्ये कमला बसली होती. तिने वाजवली नाही.

तिसरा अंक लागला तेव्हा तांबडं फुटायला आलं होतं. तळ्यावरचं धुकं उठून सरळ रंगमंचावर आलं. गॅसबत्त्या पिवळ्या पडल्या. खासदार पांढऱ्या टोप्या घालून बाकांवर बसलेले, धुक्यात त्यांचे पाय दिसत नव्हते. मला क्षणभर कळेना की मी आपल्या गावात, आमटोल्यात आहे, दिल्लीत आहे की अजून गिरणीत उभा आहे. पत्रू उठला आणि गरजला, "हे बिल आमी पास करनार नाई!" सगळे बाक गरजले. मग शांत झालं. आता माझं शेवटचं वाक्य.

खालून आलं, "आजपासून, या क्षणापासून, ही लोकसभा बरखास्त."

मी हात उचलला. हात वरच राहिला. काही निघेना.

ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. "आजपासून, या क्षणापासून, ही लोकसभा बरखास्त."

मी खाली पाहिलं. खड्ड्यात कंदील, मांडीवर पानं, आणि गुलाबचं तोंड वर माझ्याकडे. डोळे जागरणाने लाल झालेले. बोट त्या ओळीवर ठेवलेलं. रात्रभर तिने मला एक शब्द कमी पडू दिला नव्हता, आणि आता हेही वाक्य ती तितक्याच नेकीने माझ्या हाती देत होती. तिचा आवाज कापला. तिसऱ्यांदा ती जवळजवळ ओरडलीच.

मी म्हटलं, "माझं चुकलं."

हे कुठे लिहिलेलं नव्हतं. खालून काही आलं नाही. मी पुढे म्हटलं, "मी शब्द दिला तेव्हा ज्यांचं जंगल आहे त्यांना विचारलं नाही. त्यांनी नाही म्हटलं तरी मी ऐकलं नाही. तुम्ही कोणी जायचं नाही. राजीनामा नाही, बरखास्ती नाही. हे विधेयक मी मागे घेतो."

असाही एक मार्ग असतो, हे मला बोलताना कळलं. दोन महिने मी, लटारू, पत्रू, अख्खं मंडळ डोकं लढवत होतो, कोणालाच कसं सुचलं नाही कोण जाणे.

पडदा पडेना. पडदा ओढणारा 'बरखास्त' ऐकायची वाट पाहत होता. पत्रूला पुढे 'मुर्दाबाद' म्हणायचं होतं, पण आता कोणाला म्हणणार? तो थोडा उभा राहिला, "बरं हाय" म्हणाला आणि बसला. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, मंग मेलं कोन?" लोक हसले, काही शिट्ट्या, काही घोंगड्या झटकून उठले. छातीतली कळ माझ्या लक्षातच राहिली नाही. शेवटी खड्ड्यातून आवाज आला, "पडदा सोडा ना, भाऊ," तेव्हा कुठे पडदा पडला.

लटारू आत आला. आवाज नव्हता, म्हणून हातवाऱ्यांनी शिव्या दिल्या. वीस वर्षांचं नाव घालवलं असं तो सांगत असावा. मी ऐकून घेतलं.

शेरवानी न काढताच घरी आलो. झाडूजी ओसरीवर चहा घेत होते. हसून म्हणाले, "पंतप्रधान, शेवट फसला बरं का."

मी म्हटलं, "झाडूजी, तुम्हाला दिलेला शब्द मी परत घेतो. गुलाबला न विचारता दिला होता. तिला शिकायला जायचं आहे. आजच."

"देवरावजी, नाटकातलं नाटकात ठेवा."

"नाही जी."

त्यांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. बायकोला म्हणाले, चल. उंबऱ्यावर "जय भीम" म्हणाले, पण माझ्याकडे न पाहता. मी त्यांच्यामागे दोन पावलं गेलो आणि थांबलो. ते परत येणार नाहीत. माझा असा दुसरा मित्र नाही. मला रडू आलं, आणि मी रडलो, शेरवानीतच. कमला बाजूला येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. पण ही शांतता मागच्या महिन्यासारखी नव्हती, हे मलासुद्धा कळलं.

गडचिरोलीची पहिली गाडी फाट्यावर येते. मी पिशवी घेतली. गुलाब पुढे, मी मागे, कमला दशम्या बांधून धावत मागून. वाटेत पाळणा उतरवून राहिले होते. रात्रभर बोलून गुलाबचाही घसा बसला होता. मी म्हटलं, ज्येष्ठमध चघळ. ती हो म्हणाली.

गाडीत मंडईची परतणारी गर्दी. तिला खिडकी मिळाली. मिस कांता गडचिरोलीहून नागपूरची गाडी धरायला त्याच गाडीत बसल्या होत्या, त्यांनी सरकून जागा दिली आणि तिथेच झोपून गेल्या. कंडक्टरने घंटी मारली. तेव्हा गुलाब खिडकीतून वाकली.

"बाबा, मी तीनदा सांगतलं. तिसऱ्यांदा तं पहिल्या रांगेलेही आयकू गेलं असन. तुमाले नाई आलं आयकू?"

"आलं."

"मंग?"

गाडी सुटली. काय म्हणायचं ते मला सुचलं नाही, आणि सांगायला खाली कोणी नव्हतं. मी नुसता हात हलवत राहिलो.